माप एकाचे, मालकी कोणाची?

आपण रोज वापरतो त्या बहुतेक वस्तू कोणा एकासाठी घडविलेल्या नसतात. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या खुर्चीला आपल्यावर कोण बसणार हे ठाऊक नसते; दुकानातून आणलेल्या चपलेला आपण सांभाळून घेतो, तिने आपल्याला सांभाळावे अशी अपेक्षा करीत नाही. पूर्वी गावातला शिंपी, चांभार, सुतार माणूस पाहून आणि माप घेऊन वस्तू करीत असे. त्यात कोणाला विशेष काही वाटत नव्हते. आज मात्र मापाबरहुकूम करवून घेतलेली वस्तू ही श्रीमंतीची खूण झाली आहे. म्हणूनच एक प्रश्न मनात उभा राहतो. एकाच माणसासाठी, एकाच हातासाठी वस्तू घडविणे हा त्या माणसाचा सन्मान आहे, की त्याच्या अहंकाराला घातलेले खतपाणी? आणि अशी वस्तू ज्याच्यासाठी घडविली, त्याचीच ती असते काय?

हा प्रश्न मी ग्रंथांतून उचललेला नाही. तो एका शाईच्या पेनाच्या निमित्ताने माझ्या घरात शिरला.

माझी थोरली बहीण धर्मभगिनी आहे. तिच्या व्रतस्थ जीवनाला पन्नास वर्षे पूर्ण होणार होती. आयुष्यभर ती आदिवासी मुलींच्या वसतिगृहात राहिली, तेथेच तिने शिकविले, आजाऱ्यांची शुश्रूषा केली आणि ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांची पत्रे लिहून दिली. आजही महिन्याला एक पत्र ती मला पाठविते. ताई डावखुरी आहे. लहानपणी शाळेत डाव्या हाताने अक्षर काढले म्हणून तिने त्याच हातावर छड्या खाल्ल्या. कित्येक वर्षे ती उजव्या हाताने कसेबसे लिहीत राहिली आणि मठात गेल्यावर, कोणी मारणारे उरले नाही तेव्हा, पुन्हा डाव्या हाताकडे वळली. सुवर्णमहोत्सवानिमित्त तिला काय द्यावे याचा विचार करताना मला वाटले, या हाताची आजवर कोणी विचारपूस केली नाही. आपण त्या हातासाठी एक पेन करवून घ्यावे.

आमच्या वसईत, आमच्याच धर्मग्रामात, एक निवृत्त टर्नर राहतात. सारे त्यांना मिस्त्री म्हणूनच ओळखतात. कारखान्यात आयुष्य घालविल्यावर त्यांनी घराच्या मागच्या पडवीत एक जुना छोटा लेथ बसविला आणि ते हाताने शाईची पेने करू लागले. भिंतीला लावलेली हत्यारे, खिडकीपाशी एक भिंग, कोपऱ्यात संत योसेफाची तसबीर आणि साऱ्या पडवीत गंधकाचा मंद वास. हा वास एबोनाइटचा. रबरात भरपूर गंधक मिसळून ते बराच वेळ तापविले की लाकडासारखा कठीण, काळाभोर पदार्थ तयार होतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तो माणसाला ठाऊक आहे. लेथवर त्याची कांडी फिरू लागली आणि हत्याराची धार तिला लागली, की काळ्या फिती सुटू लागतात आणि आत कोंडलेला गंधक जणू पुन्हा श्वास घेतो.

मी माझी इच्छा सांगितली. मिस्त्रींनी रंग विचारला नाही, किंमत सांगितली नाही. ते म्हणाले, "सर, आधी सिस्टरांची चार-पाच पत्रे आणून द्या."

ती पत्रे त्यांनी वाचली नाहीत, पाहिली. भिंगाखाली धरून ते शब्दांवरच्या रेघा निरखीत होते. देवनागरीतली शिरोरेषा आपण डावीकडून उजवीकडे ओढतो. उजव्या हाताने लिहिणारा ती खरोखरच ओढतो. निब हातामागून येते. डावखुऱ्या माणसाला मात्र तीच रेघ ढकलावी लागते. निबेचे टोक कागदात रुतते, रेघ मध्येच तुटते, शाई उडते. ताईच्या पत्रांत जागोजाग शिरोरेषा तुटलेली होती. पन्नास वर्षे मी ती पत्रे वाचीत आलो आणि ती तूट माझ्या ध्यानात आली नव्हती. "हिला टोक सगळ्या बाजूंनी गोल करून हवे," मिस्त्री म्हणाले, "आणि पकड जरा जाड. बोटे दुखत असणार त्यांची." एखाद्या माणसाला न पाहता त्याच्या वेदनेचे इतके अचूक निदान झालेले मी क्वचितच पाहिले आहे.

पुढचे काही आठवडे मी संध्याकाळी त्या पडवीत जाऊन बसू लागलो. कांडीचे तीन तुकडे होतात: नळी, टोपण आणि पकड. नळीला आतून भोक पाडताना घाई चालत नाही. ड्रिल थोडे आत जाते, बाहेर येते, भुसा झटकला जातो, पुन्हा आत जाते. घाई केली तर एबोनाइट तापते, मऊ पडते आणि माप बिघडते. मग आटे पाडावयाचे. टोपणाचे आटे तीन पदरी, म्हणजे एक-दीड फेऱ्यातच ते घट्ट बसते. निब मिस्त्री स्वतः करीत नाहीत, विकत आणतात; तिच्या टोकाला कठीण मिश्रधातूचा बारीकसा मणी जोडलेला असतो आणि त्या मण्यालाच आकार द्यावयाचा असतो. निबेखालची जीभ मात्र ते स्वतः कापतात. तिच्यावर केसासारख्या बारीक चिरा असतात; त्यांतून शाई स्वतःच्या ओढीने खाली उतरते आणि जितकी शाई उतरेल तितकी हवा वर नळीत शिरते. हवेला वाट नसेल तर नळी काठोकाठ भरलेली असूनही पेन लिहीत नाही. अमेरिकेत वॉटरमन यांनी १८८४ साली ज्या पेनाचे पेटंट घेतले त्यातली करामत शाईहवेच्या या देवघेवीचीच होती. शेवटी जीभ गरम पाण्यात बुडवून, मऊ असतानाच अंगठ्याने दाबून ती निबेला चिकटून बसवितात. एका जिभेचे माप दुसऱ्या निबेला नेमके बसेलच असे नाही.

एके दिवशी मी गेलो तेव्हा नळी जवळजवळ पूर्ण झाली होती. बाहेरून ती आरशासारखी झळकत होती. मिस्त्री मात्र अस्वस्थ होते. भोक पाडताना ड्रिल किंचित एका बाजूला सरकले होते; त्यामुळे नळीची भिंत एका अंगाला पातळ झाली होती. बाहेरून त्याचा मागमूसही नव्हता. शाई गळण्याचा धोका नव्हता. पेन खुशाल वीस वर्षे चालले असते. "मग राहू द्या की," मी म्हणालो, "आत डोकावून कोण पाहणार आहे?" ते हसले आणि त्यांनी नवी कांडी घेतली. आठवडाभराने त्यांच्या खिशाला मला ती जुनी नळी दिसली. तिला टोपण आणि निब लावून त्यांनी ती स्वतःसाठी ठेवून घेतली होती. "चूक माझ्या खिशात असलेली बरी, सर," ते म्हणाले.

या एका वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली श्रमाविषयी 'लाबोरेम एक्झेर्चेन्स' हे परिपत्र लिहिले. श्रमाची प्रतिष्ठा त्यातून काय निपजते यावर प्रथमतः अवलंबून नसते. तो श्रम माणूस करतो, यात ती असते, असे त्यात आग्रहाने मांडले आहे. माणूस कामासाठी नाही, काम माणसासाठी आहे. हे वचन आपण सहसा मजुरीच्या आणि हक्कांच्या संदर्भात वापरतो आणि ते योग्यही आहे. पण त्याला दुसरी बाजू आहे. श्रमात माणूस वस्तू घडवितो तसाच स्वतःही घडत असतो. पातळ भिंतीची नळी ताईला दिली असती तर ताईचे काही बिघडले नसते. मिस्त्रींचे बिघडले असते. नासरेथच्या सुताराच्या घरी तीस वर्षांतले बहुतेक दिवस कोणी नोंद न घेतलेल्या कामात गेले. त्या घरातून बाहेर पडलेल्या नांगराच्या जुवांपैकी एकही आज उरलेले नाही. पण ती जुवे बैलाच्या मानेला काचत नसावीत, अशी आपली श्रद्धा सांगते.

तरीही येथे एक आक्षेप घ्यावाच लागतो आणि मी तो स्वतःशी घेतला. पाच-दहा रुपयांच्या बॉलपेनानेही तीच अक्षरे उमटतात. वसतिगृहातल्या मुलींना वह्या पुरत नाहीत. अशा वेळी एका पेनावर कित्येक आठवडे खर्च करणे याला कला म्हणावे की चैन? लोभस वस्तूंच्या नादी लागलेला संग्राहकही 'हाताने केलेली', 'माझ्याच मापाची' याच शब्दांनी आपल्या हावेवर पांघरूण घालीत असतो. हे पेन तशाच हौसेचे धार्मिक रूप नव्हे कशावरून?

या ठिकाणी मला राजमहेंद्रीची आठवण होते. गोदावरीच्या काठच्या या शहरात के. व्ही. रत्नम यांनी संपूर्ण स्वदेशी पेन करण्याचा ध्यास घेतला होता. त्यांचे पेन गांधीजींकडे पोहोचले ते जे. सी. कुमारप्पा यांच्या हातून, आणि जुलै १९३५ मध्ये गांधीजींनी रत्नम यांना आभाराचे पत्र लिहिले. बाजारातल्या परदेशी पेनांना हे चांगला पर्याय दिसते, असा त्याचा आशय होता. कुमारप्पा मूळचे तंजावरचे, ख्रिस्ती कुटुंबातले. लंडनमध्ये हिशेबशास्त्र शिकून आलेला हा माणूस अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम पाहत होता. पुढे तुरुंगात असताना त्यांनी 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' हे पुस्तक लिहिले. वस्तूची किंमत केवळ पैशात मोजता येत नाही, तिच्या निर्मितीत कोणाचे काय खर्ची पडले आणि कोणाला काय लाभले हेही मोजावे लागते, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता. त्या मापाने पाहिले तर स्वस्त बॉलपेन तितकेसे स्वस्त राहत नाही. रिफिल संपली की ते फेकले जाते. ते कोणी केले हे कळत नाही आणि ते कोठे जाते हेही कोणी विचारीत नाही. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या परिपत्रात ज्या फेकून देण्याच्या संस्कृतीविषयी इशारा दिला, तिचे हे आपल्या खिशातले उदाहरण होय. मिस्त्रींचे पेन बिघडले तर उघडता येते, धुता येते, दुरुस्त करता येते.

परंतु एवढ्याने माझा प्रश्न सुटला नाही. टिकाऊ वस्तूचीही हाव असू शकते. खरे उत्तर मला वेगळ्याच वाटेने मिळाले आणि ते मिळताना मन दुखावले गेले.

महोत्सवाच्या दिवशी मी पेन ताईला दिले. तिने तेथेच एका कागदावर प्रभूचे नाव लिहिले, त्यावर रेघ ओढली आणि ती रेघ तुटली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आले. पंधरा दिवसांनी तिचे पत्र आले. त्यात तिने सहजपणे लिहिले होते की पेन तिने मदर सुपिरियरना दाखविले, मठाच्या वस्तूंच्या वहीत त्याची नोंद झाली आणि मदरनी ते तिला वापरावयास दिले. संध्याकाळी अभ्यासाच्या वेळी ते वसतिगृहातली एक डावखुरी मुलगी वापरते, कारण तिचीही रेघ तुटते.

मला राग आला हे मी लपविणार नाही. ज्या पेनासाठी मी पत्रे शोधली, आठवडेच्या आठवडे पडवीत बसलो, ते तिने पंधरा दिवसांत वहीत जमा केले! लेखणी आणि पुस्तक परक्या हाती देऊ नये, ती परत येत नाहीत, असे बजावणारे एक संस्कृत सुभाषित आहे. तेही मला आठवले. एबोनाइटच्या पेनाचा एक गुणधर्म मिस्त्रींनी मला सांगितला होता. नळी शाईने भरलेली असते तेव्हा ते गळत नाही. शाई संपत आली आणि आत हवेची पोकळी वाढली, की हाताच्या उबेने ती हवा फुगते आणि उरलेली शाई ठिबकू लागते. माझेही तसेच झाले होते. माझ्या देण्यात एक पोकळी होती, म्हणून एका पत्राच्या उबेने गळती लागली. ताईने आपली आठवण ठेवावी, लिहिताना प्रत्येक वेळी माझे नाव तिच्या मनात यावे, असा एक अदृश्य आटा मी त्या पेनाला पाडून ठेवला होता. पेन तिच्या मापाचे होते. पण त्याची मालकी मी, नकळत, स्वतःकडेच ठेवली होती.

त्यानंतर संत बेनेडिक्टांची नियमावली पुन्हा वाचण्याचा योग आला. सहाव्या शतकात मठवासीयांसाठी लिहिलेल्या या छोट्या ग्रंथात लेखणीचा उल्लेख येतो, हे मी विसरलो होतो. ३३व्या प्रकरणात ते सांगतात की मठवासीयाने काहीही स्वतःचे म्हणून ठेवू नये. आणि 'काहीही' म्हणजे काय हे स्पष्ट करताना ते नेमक्या तीन वस्तू घेतात: पुस्तक, लिहिण्याच्या पाट्या आणि लेखणी. जमीन नाही, सोने नाही, लेखणी! जो माणूस जगावर पाणी सोडून आला आहे त्याचा जीव शेवटी कशात अडकतो, हे त्या साधुपुरुषाला पक्के ठाऊक होते. परंतु तेच बेनेडिक्ट ५५व्या प्रकरणात मठाधिपतीला आज्ञा करतात की त्याने प्रत्येकाला आवश्यक त्या वस्तू द्याव्यात, आणि त्या यादीत सुई आहे, चाकू आहे आणि लेखणीही आहे. जी स्वतःची म्हणावयाची नाही, तीच हाती मात्र असली पाहिजे. या दोहोंच्या मध्ये, ३४व्या प्रकरणात, सर्वांना सारखेच द्यावे काय, हा प्रश्न येतो. उत्तर आहे, नाही. ज्याला जसे लागेल तसे द्यावे. ज्याला कमी लागते त्याने देवाचे आभार मानावेत. ज्याला अधिक लागते त्याने आपल्या दुर्बलतेची जाणीव ठेवून नम्र व्हावे, मिळालेल्या सवलतीने फुगू नये.

ही तीन प्रकरणे एकत्र वाचली तेव्हा माझ्या मनातला गुंता सुटू लागला. मी दोन निराळ्या गोष्टी एक समजून बसलो होतो. वस्तू एखाद्याच्या मापाची असणे वेगळे आणि ती त्याच्या मालकीची असणे वेगळे. माप हे गरजेचे उत्तर आहे. डावखुऱ्या हाताला गोल टोक देणे ही चैन नव्हे, तो न्याय आहे. सर्वांना एकाच साच्यातली वस्तू देऊन 'समान वागविले' म्हणणे हा त्या हातावरच्या छड्यांचाच सौम्य प्रकार आहे. मालकी मात्र गरजेतून निर्माण होत नाही. ती बहुधा भीतीतून निर्माण होते. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात हाच भेद वेगळ्या शब्दांत केला. वस्तू मिळवावी, तिची व्यवस्था ठेवावी, हे माणसाला योग्यच आहे; पण तिचा उपयोग करताना ती सर्वांची आहे असे समजावे, म्हणजे गरजवंत दिसताच ती सहज पुढे करता येते. ताईने हे पुस्तकात वाचून केले नव्हते. तिच्या हाताला जे हवे होते ते मिळताच, तसाच दुसरा हात तिला दिसला. ज्याची स्वतःची गरज कोणीतरी नेमकी ओळखली आहे, त्यालाच दुसऱ्याची गरज लवकर दिसते.

देव माणसाला घाऊक निर्माण करीत नाही, ही आपली श्रद्धा आहे. तो प्रत्येकाला नावाने हाक मारतो. प्रत्येकाची घडण निराळी, प्रत्येकाची दुखरी बाजू त्याला ठाऊक. तरीही असे मापाने घडविलेले हे जीवन आपल्या मालकीचे नाही. ते वापरावयास दिलेले आहे आणि त्याची नोंद कोण्या निराळ्याच वहीत आहे.

आपल्या भाषेच्या इतिहासातही याची साक्ष आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापले गेले, पुढे १६४९ आणि १६५४ साली पुन्हा छापले गेले. पण त्या छापील प्रतींपैकी एकही आज हाती लागत नाही. पुराण जगले ते भाविकांच्या घरांतून हाताने नकलून घेतलेल्या पोथ्यांतून, आणि १९०७ साली मंगळूरहून सालढाणा यांनी जी आवृत्ती काढली ती अशा हस्तलिखितांच्या आधारानेच. त्या नकलकारांच्या लेखण्या कोणी कापल्या, कोणत्या हाताला त्या चांगल्या बसत होत्या, हे कोणालाच सांगता येणार नाही. लेखणी झिजून गेली. ती ज्यासाठी होती ते राहिले.

महिन्याभराने मी मिस्त्रींकडे गेलो. थोडा भीतभीतच मी त्यांना सांगितले की पेन आता मठाच्या वहीत आहे आणि ताईबरोबर एक मुलगीही त्याने लिहिते. एका हातासाठी इतक्या काळजीने घासलेले टोक दुसऱ्या हाती गेलेले ऐकून त्यांना वाईट वाटेल, असे मला वाटत होते. ते लेथवरून उठले, हात पुसले आणि विचारते झाले, "मुलगी कितवीत आहे?"

"सातवीत," मी म्हणालो.

"मग तिची बोटे लहान असणार. ती जाड पकड तिला जड जात असेल." त्यांनी कप्प्यातून एबोनाइटचा एक उरलेला तुकडा काढला, डोळ्यांसमोर धरून फिरवून पाहिला आणि म्हणाले, "सर, सिस्टरांना लिहा. त्या मुलीच्या वहीतले एखादे पान पाठवून द्या म्हणावे."